समांतर रेषेचं समीकरण: डावी बाजू तशीच ठेवा, उजवा आकडा शोधा

एक रेषा दिली आहे, एक बिंदू दिला आहे, आणि त्या बिंदूतून जाणारी, दिलेल्या रेषेला समांतर असलेली रेषा हवी आहे. आलेख कागदावर हे काम गुण्या पट्टीला टेकवून सरकवला की झालं. समीकरणात करायची वेळ आली की मात्र बरेच जण अर्धं पान भरतात, मध्येच एखादं वजा चिन्ह हरवतं आणि उत्तर चुकतं. खरं तर या गणितात शोधायचा असतो फक्त एक आकडा. बाकी सगळं दिलेल्या समीकरणात आधीच लिहिलेलं असतं.

हे लेखन दहावीची निर्देशक भूमिती शिकणाऱ्यांसाठी आहे, तसंच अकरावीला 'सरळ रेषा' हा धडा पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठीही. शेवटी हाच हिशेब संत्र्याच्या बगिच्यात ओळी आखायला कसा लागतो तेही घेतलं आहे. नागपूरच्या आसपास ज्यांच्या घरी वावर आहे त्यांना तो भाग जास्त जवळचा वाटेल.

अक्षरांबद्दल एक गोष्ट. पाठ्यपुस्तकात चलांसाठी रोमन अक्षरं असतात. इथे आडव्या अक्षावरच्या मापाला क्ष आणि उभ्या अक्षावरच्या मापाला य म्हटलं आहे. बिंदू लिहिताना आधी क्ष, मग य. म्हणजे (४, ५) हा आरंभबिंदूपासून उजवीकडे ४ आणि वर ५.

समांतर म्हणजे समीकरणात नेमकं काय?

२क्ष + ३य = १२ ही रेषा घ्या. तिच्यावरचे दोन बिंदू सहज सापडतात: (३, २) आणि (६, ०). पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला ३ उजवीकडे आणि २ खाली जावं लागतं. या रेषेवर कुठेही उभे राहा, ३ उजवीकडे जाऊन २ खाली उतरलात की पुन्हा रेषेवरच याल. कारण सरळ आहे: क्ष ३ नं वाढला की २क्ष ६ नं वाढतं, य २ नं घटला की ३य ६ नं घटतं, आणि बेरीज जिथल्या तिथे राहते.

आता हे पाहा की या कारणात १२ चा कुठेच संबंध आला नाही. रेषेची दिशा २ आणि ३ या सहगुणकांनी ठरवली. १२ नं फक्त एवढं ठरवलं की त्या दिशेच्या असंख्य रेषांपैकी ही कोणती. म्हणून उजवीकडे १२ च्या जागी ५ लिहा, २३ लिहा किंवा −४० लिहा, तीच दिशा असलेली दुसरी रेषा मिळते. समांतर रेषांचं सगळं गणित एवढ्यावर उभं आहे.

दिशा मोजायला 'चढ' हा शब्द वापरतात. उजवीकडे १ गेल्यावर रेषा किती वर जाते, तो चढ. वरच्या रेषेत ३ गेल्यावर २ खाली, म्हणून चढ −२/३. समांतर रेषांचे चढ समान असतात हे पुस्तकातलं वाक्य आणि 'सहगुणक तेच, उजवा आकडा वेगळा' हे आपलं वाक्य, दोन्हींचा अर्थ एकच.

आरंभबिंदू कुठे घेतला यानंही दिशा बदलत नाही. नागपूरच्या नकाशावर झिरो माईलचा दगड (०, ०) धरा किंवा आपल्या घराचा कोपरा धरा, एखाद्या सरळ रस्त्याचा चढ तोच निघेल. बदलेल तो फक्त उजवीकडचा आकडा.

मुख्य पद्धत

दिलेली रेषा २क्ष + ३य = १२, दिलेला बिंदू (४, ५).

पायरी १. समीकरण असं लिहून घ्या की क्ष आणि य ची पदं डावीकडे असतील आणि नुसता आकडा उजवीकडे. इथे ते आधीच तसं आहे.

पायरी २. डावी बाजू जशीच्या तशी उतरवा, उजवीकडे जागा मोकळी सोडा: २क्ष + ३य = __

पायरी ३. डाव्या बाजूत दिलेल्या बिंदूच्या किमती घाला: २ × ४ + ३ × ५ = ८ + १५ = २३.

पायरी ४. तो आकडा मोकळ्या जागेत लिहा: २क्ष + ३य = २३. हे उत्तर.

पायरी ५. ताळा. (४, ५) पासून ३ उजवीकडे, २ खाली: (७, ३). २ × ७ + ३ × ३ = २३. जमलं. ही पायरी दहा सेकंदांची आहे, ती टाळू नका. नुसता (४, ५) पुन्हा घालून पाहिला तर बिंदू रेषेवर आहे एवढंच कळतं. दिशा बरोबर उतरवली का, हे दुसऱ्या बिंदूनंच कळतं. मात्र '३ उजवीकडे, २ खाली' ही चाल मूळ रेषेवरच्या दोन बिंदूंवरून घ्यायची, नव्या समीकरणावरून नाही.

अनेक प्रश्नांत समीकरण शून्याशी जोडलेलं असतं, आणि चुका बहुतेक तिथेच होतात. ५क्ष − २य + ७ = ० ही रेषा आणि (−१, ३) हा बिंदू घ्या. आधी ७ पलीकडे न्या: ५क्ष − २य = −७. आता डावी बाजू ठेवून बिंदू घाला. ५ × (−१) = −५. मग −२ × ३ = −६. बेरीज −११. म्हणून ५क्ष − २य = −११, आणि शून्याच्या रूपात हवं असेल तर ५क्ष − २य + ११ = ०.

शेवटच्या ओळीत ११ चं चिन्ह पालटलं, ते नीट पाहा. घाईत ५क्ष − २य − ११ = ० असं लिहिलं जातं. त्यात (−१, ३) घातला तर −५ − ६ − ११ = −२२ येतं, शून्य येत नाही. आणखी एक: ऋण किंमत घालताना कंस हवाच. ५ × −१ असं सैल लिहिलं की पुढच्या ओळीत ते कधी ५ − १ होतं तेही कळत नाही.

चढाच्या वाटेनं

वर्गात बहुधा हीच पद्धत आधी शिकवतात: समीकरण य = मक्ष + क या रूपात आणायचं. म हा चढ, आणि रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथलं य चं माप म्हणजे क. आपल्या उदाहरणात ३य = −२क्ष + १२, म्हणून य = −(२/३)क्ष + ४. चढ −२/३ तोच ठेवायचा, क नवा काढायचा. (४, ५) घातल्यावर ५ = −८/३ + क, म्हणून क = ५ + ८/३ = २३/३. नवी रेषा य = −(२/३)क्ष + २३/३. दोन्ही बाजूंना ३ नं गुणलं की ३य = −२क्ष + २३, म्हणजे पुन्हा २क्ष + ३य = २३.

उत्तर तेच, पण वाटेत अपूर्णांक आले आणि ते परत घालवावे लागले. आमचं मत स्पष्ट आहे: समीकरण क्ष आणि य दोन्ही एका बाजूला असलेल्या रूपात दिलं असेल तर ते मोडून चढ काढायला जाऊ नका. समीकरण आधीच य = २क्ष − ९ असं दिलं असेल, तर मात्र चढाची वाट सोपी. वेळ मोजून सोडवायच्या सीईटीसारख्या परीक्षेत या निवडीनं फरक पडतो. शाळेच्या परीक्षेत प्रश्नातच 'चढ काढून' असं म्हटलं असेल तर चढ दाखवायलाच हवा. अशा वेळी मुख्य पद्धतीनं आलेलं उत्तर ताळा म्हणून ठेवा.

चढ दशांशात लिहिण्याचा मोह टाळा. −२/३ ऐवजी −०.६७ लिहिलं तर फरक ०.००३३ इतकाच दिसतो, पण त्या दोन रेषा समांतर राहत नाहीत. मीटरमध्ये मोजलं तर ३०० मीटरवर त्या एकमेकींपासून १ मीटर सरकलेल्या असतात. अपूर्णांक शेवटपर्यंत अपूर्णांकच ठेवा.

रेषेचं समीकरण न देता तिच्यावरचे दोन बिंदू दिले असतील तर आधी चढ काढावा लागतो. (२, १) आणि (६, ९) मधून जाणारी रेषा: य मधला फरक ९ − १ = ८, क्ष मधला फरक ६ − २ = ४, चढ ८ ÷ ४ = २. वरच्या वजाबाकीत जो बिंदू आधी घेतला तोच खालच्या वजाबाकीतही आधी घ्यायचा. वर ९ − १ आणि खाली २ − ६ केलं की चढ −२ येतो आणि रेषा उलटी झुकते. आता (−३, ४) मधून जाणारी समांतर रेषा: य − ४ = २(क्ष + ३), म्हणून य = २क्ष + १०. ताळा: मूळ बिंदूंमधली चाल ४ उजवीकडे, ८ वर. (−३, ४) वरून ती चाल केली की (१, १२). २ × १ + १० = १२. बरोबर.

उभ्या आणि आडव्या रेषा

चढाची पद्धत एका ठिकाणी थांबते. उभ्या रेषेवर क्ष बदलतच नाही, फरक शून्य, आणि शून्यानं भागता येत नाही. उभ्या रेषेला चढ नसतो. 'चढ शून्य' असं लिहिणं चूक आहे, शून्य चढ आडव्या रेषेचा.

नागपूरचं डायमंड क्रॉसिंग डोळ्यांसमोर आणा. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे रूळ तिथे एकमेकांना छेदतात. ते काटकोनात आहेत असं धरू आणि आरंभबिंदू एका छेदावर घेऊ. ब्रॉडगेज मार्गाच्या दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे १.६७६ मीटर असतं. मग उत्तर-दक्षिण मार्गाच्या दोन कडा क्ष = ० आणि क्ष = १.६७६. पूर्व-पश्चिम मार्गाच्या य = ० आणि य = १.६७६. क्ष ची समीकरणं एकमेकींना समांतर, य ची एकमेकींना.

म्हणून क्ष = ७ या रेषेला समांतर आणि (−२, ५) मधून जाणारी रेषा विचारली तर सूत्र शोधत बसू नका. क्ष = −२. बिंदूतला ५ इथे लागतच नाही. य = ७ ला समांतर विचारली असती तर य = ५. मुख्य पद्धतीतही हेच येतं, कारण डावीकडे फक्त क्ष आहे आणि त्यात बिंदूचा क्ष घालायचा आहे. म्हणूनच ती पद्धत कुठेही अडत नाही.

चुका कुठे होतात

सगळ्यात जास्त दिसणारी चूक चढाच्या चिन्हाची. २क्ष + ३य = १२ पाहून चढ २/३ लिहिला जातो. य एकटा करताना २क्ष पलीकडे जातं आणि ऋण होतं, म्हणून −२/३. ५क्ष − २य = −७ मध्ये मात्र चढ +५/२, कारण तिथे −२ नं भागताना चिन्ह पुन्हा पालटतं. एक झटपट खूण: दोन्ही पदं डावीकडे असताना दोन्ही सहगुणकांची चिन्हं सारखी असली तर रेषा उजवीकडे उतरते, वेगळी असली तर चढते.

दुसरी चूक एकाच बाजूला भागण्याची. ४क्ष + ६य = १५ मध्ये डावीकडे २ नं भागून २क्ष + ३य = १५ लिहिलं, तर दिशा बरोबर राहते पण रेषा भलतीच होते. भागायचं तर दोन्ही बाजूंना: २क्ष + ३य = ७.५.

याच्याशी जोडलेली गोष्ट समांतर रेषा ओळखण्याची आहे. सहगुणक हुबेहूब सारखे दिसले नाहीत म्हणून रेषा समांतर नाहीत असं समजू नका. ४ आणि ६ हे २ आणि ३ च्या दुप्पट आहेत. प्रमाण तेच, म्हणून ४क्ष + ६य = १५ ही २क्ष + ३य = २३ ला समांतर. पण ४क्ष + ६य = ४६ ही? इथे उजवा आकडाही दुप्पट आहे, म्हणजे ती तीच रेषा आहे. दहावीच्या बीजगणितात दोन एकसामयिक समीकरणांना उकल का नसते किंवा अनंत उकली का असतात, हे जे शिकवतात ते हेच. समांतर रेषा कुठे मिळत नाहीत म्हणून उकल नाही, आणि एकच रेषा दोनदा लिहिली असेल तर तिच्यावरचा प्रत्येक बिंदू उकल.

तिसरी, जरा फसवी: दिलेला बिंदू मूळ रेषेवरच असतो. २क्ष + ३य = १२ आणि (३, २) घ्या. डाव्या बाजूत घातल्यावर ६ + ६ = १२ येतं, म्हणजे मूळ समीकरणच परत मिळतं. आपलं काही चुकलं असं वाटून विद्यार्थी पुन्हा सुरुवात करतात. चुकलं काहीच नाही. त्या बिंदूतून वेगळी समांतर रेषा जात नाही, आणि उत्तरात तसंच लिहायचं.

आणि समांतर विचारलेलं असताना लंब रेषा काढणं. लंब रेषेसाठी सहगुणकांची अदलाबदल करून एकाचं चिन्ह पालटतात: २क्ष + ३य ला लंब ३क्ष − २य. समांतरसाठी सहगुणकांना हातही लावायचा नाही.

दोन समांतर रेषांमधलं अंतर

२क्ष + ३य = १२ आणि २क्ष + ३य = २३ यांच्यातलं अंतर ११ नाही. उभं मोजलं, म्हणजे य च्या दिशेनं, तर ११/३, सुमारे ३.६७. पण अंतर म्हणजे सर्वांत कमी, रेषेला काटकोनात मोजलेलं. ते काढायला उजव्या आकड्यांमधला फरक सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळानं भागायचा. इथे ४ + ९ = १३, √१३ सुमारे ३.६०६, अंतर ११ ÷ ३.६०६ = सुमारे ३.०५.

वर्गमूळ का येतं? रेषेला काटकोनात जाणारी दिशा २ उजवीकडे, ३ वर अशी आहे. त्या चालीत डावी बाजू २ × २ + ३ × ३ = १३ नं वाढते आणि आपण √१३ इतकं अंतर चालतो. म्हणजे दर १ अंतरामागे आकडा √१३ नं वाढतो. अट एकच: वजाबाकीआधी दोन्ही समीकरणांतले सहगुणक सारखे करून घ्यायचे. ४क्ष + ६य = १५ आणि २क्ष + ३य = २३ असेल तर आधी पहिलं २क्ष + ३य = ७.५ करा. फरक १५.५, अंतर सुमारे ४.३०.

वावरात: संत्र्याच्या ओळी

नागपुरी संत्र्याची लागवड पारंपरिक शिफारशीप्रमाणे ६ × ६ मीटरवर करतात. एका झाडाला ३६ चौरस मीटर, म्हणजे हेक्टरी २७७ झाडं, एकरी सुमारे ११२. ओळी समांतर असल्या तरच ट्रॅक्टर सरळ निघतो आणि प्रत्येक झाडाला तेवढीच जागा मिळते.

वावर चौकोनी असेल तर प्रश्नच नाही, धुऱ्यापासून, म्हणजे वावराच्या हद्दीवरच्या बांधापासून, ६-६ मीटर मोजत जायचं. पण पुष्कळ वावरांचा एखादा कोपरा पांदण रस्त्यानं तिरपा कापलेला असतो, आणि ओळी पांदणीला धरून काढायच्या असतात. असं वावर घेऊ. दक्षिणेचा आणि पश्चिमेचा धुरा सरळ वाढवले तर काटकोनात मिळतात, तो कोपरा आरंभबिंदू. मापं मीटरमध्ये. पांदणीची कड दक्षिणेच्या धुऱ्याला (२०, ०) इथे आणि पश्चिमेच्या धुऱ्याला (०, १५) इथे छेदते. त्या कडेचं समीकरण ३क्ष + ४य = ६०. पडताळा: ३ × २० = ६०, ४ × १५ = ६०.

आता ६ मीटर आत पहिली ओळ हवी. ९ + १६ = २५, वर्गमूळ ५. म्हणजे दर मीटरला उजवा आकडा ५ नं वाढतो, ६ मीटरला ३० नं. ओळी अशा येतात: ३क्ष + ४य = ९०, मग १२०, १५०, १८०, पुढेही तसंच.

खुंट्या कुठे ठोकायच्या हे आता समीकरणच सांगतं. दक्षिणेच्या धुऱ्यावर य = ०, म्हणून क्ष = ९० ÷ ३ = ३०, मग ४०, ५०, ६०. पश्चिमेच्या धुऱ्यावर क्ष = ०, म्हणून य = ९० ÷ ४ = २२.५, मग ३०, ३७.५, ४५. म्हणजे पांदणीपासून निघून दक्षिणेला दर १० मीटरवर खुंटी, पश्चिमेला दर ७.५ मीटरवर. पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी अशी दोरी ताणायची आणि चुन्याची फक्की मारायची. दोरी ओढली जाऊन लांबते, म्हणून मापाला टेपच घ्या.

इथे होणारी चूक महागात पडते. ओळींत ६ मीटर अंतर हवं म्हणून दोन्ही धुऱ्यांवर ६-६ मीटरवर खुंट्या ठोकल्या तर काय होईल? पहिली दोरी (२६, ०) ते (०, २१) जाईल. पांदणीचा चढ −१५/२०, म्हणजे −०.७५. या दोरीचा −२१/२६, सुमारे −०.८१. ती समांतरच नाही. पांदणीपासून तिचं अंतर दक्षिण टोकाला (७८ − ६०) ÷ ५ = ३.६ मीटर, पश्चिम टोकाला (८४ − ६०) ÷ ५ = ४.८ मीटर. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी वळत जाते. दहाव्या ओळीचा चढ −७५/८०, सुमारे −०.९४, म्हणजे पांदणीच्या दिशेपासून सुमारे ६ अंश फिरलेला.

फक्त दक्षिणेच्या धुऱ्यावर ६ मीटर मोजून पुढे ओळी नीट समांतर काढल्या, तरी त्यांच्यात ३.६ मीटरच अंतर राहतं. ओळीतली झाडं ६ मीटरवर ठेवली तर हेक्टरी सुमारे ४६२ झाडं बसतात. सुरुवातीची वर्षं हे कळत नाही. घेर वाढू लागला की फांद्या फांद्यांत शिरतात, आणि तोवर झाडं काढून टाकण्याशिवाय उपाय उरलेला नसतो. ६ मीटर नेहमी ओळीला काटकोनात मोजायचे. काटकोन दोरीवर ३, ४, ५ मीटरच्या खुणा करून त्रिकोण ताणला की मिळतो. पहिल्या दोन ओळी आखल्यावर दोन ठिकाणी असं मोजून पाहा, दोन्हीकडे ६ आलं तरच पुढे जा.

बिंदूतून जाणारी समांतर रेषा इथे वेगळ्याच कामाला येते: एखादी जागा कोणत्या ओळीवर पडते ते कळतं. विहिरीजवळचा खुंट (२४, २७) इथे आहे. ७२ + १०८ = १८०, म्हणजे तो बरोबर चौथ्या ओळीवर. बोअर (२०, २५) इथे असेल तर ६० + १०० = १६०. तिसरी ओळ १५० ची, चौथी १८० ची. बोअर तिसऱ्या ओळीपासून १० ÷ ५ = २ मीटर, चौथीपासून २० ÷ ५ = ४ मीटर. झाड लावायच्या आधीच हे कळलेलं बरं.

आडव्या ओळींसाठी लंब रेषा लागतात: ४क्ष − ३य = एखादा आकडा. त्यांतही ६ मीटरला ३० चाच फरक, कारण वर्गांची बेरीज तीच.

मोबाइलवरचे अंश वापरणार असाल तर

फोनच्या नकाशातून धुऱ्याचे कोपरे अक्षांश-रेखांशात मिळतात, आणि तेच क्ष-य म्हणून घ्यावेसे वाटतात. इथे एक फरक लक्षात ठेवा. नागपूर साधारण २१ अंश उत्तरेला आहे. या अक्षांशावर उत्तर-दक्षिण १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम १ अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटरच. दोन्ही अक्षांवरची एकके वेगळी झाली.

एका वावरापुरतं पाहिलं तर समांतरपणाला यानं बाधा येत नाही. एक अक्ष ताणला तर सगळ्या समांतर रेषा सारख्याच ताणल्या जातात आणि समांतरच राहतात, म्हणून मुख्य पद्धत अंशांतही चालते. काटकोन आणि अंतर मात्र बिघडतात. ६ मीटरला ३० हा हिशेब, लंब रेषेचा हिशेब, दोन्ही चुकतात. म्हणून आधी अंशांचे मीटर करून घ्या. आलेख कागदावर दोन अक्षांना वेगवेगळं प्रमाण घेतलं की असंच होतं: समांतर रेषा समांतर दिसतात, काटकोन काटकोन दिसत नाही. आकृती पाहून लंब ठरवणाऱ्यांची फसगत यामुळेच होते.

हात बसवायला चार गणितं

१. ७क्ष − ४य = ९ ला समांतर, (२, −१) मधून जाणारी रेषा.
२. क्ष + ५ = ० ला समांतर, (३, −८) मधून जाणारी रेषा.
३. य = −(१/२)क्ष + ६ ला समांतर, (४, ४) मधून जाणारी रेषा.
४. वरच्या वावरात ३क्ष + ४य = ९० या ओळीपासून १२ मीटरवर असलेली समांतर ओळ.

उत्तरं. पहिल्यात १४ + ४ = १८, म्हणून ७क्ष − ४य = १८. १० आलं असेल तर −४ × −१ चं चिन्ह चुकलं. दुसऱ्यात क्ष = ३. तिसऱ्यात ४ = −२ + क, क = ६, म्हणजे बिंदू मूळ रेषेवरच आहे आणि वेगळी समांतर रेषा नाही. चौथ्यात १२ × ५ = ६०, म्हणून ९० + ६० = १५० आणि ९० − ६० = ३० अशा दोन रेषा येतात. कागदावर दोन्ही बरोबर. पण पांदणीची कड ६० ची आहे आणि ३० ची रेषा तिच्या पलीकडे पडते, म्हणून झाडं लावायची ती ३क्ष + ४य = १५० वर.